आमच्या बोअरचा अभ्यास कुलपात



मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटाने बोअरचं पाणी तपासून घेतलं. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या. इथल्या काही गावांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरी सोयच नसेल तर दीड. त्याहून जास्त वर्षानुवर्षं पोटात गेलं की पोरांच्या दातांवर डाग पडतात, मोठ्यांची हाडं दुखतात, आखडतात. आणि हो, पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. आमच्या एका बोअरचा आकडा दीडच्या वर निघाला.

गटातल्या एकीची लेक बीएस्सीला आहे. तिने मोबाइलवर शोधलं, तर आमच्याच भागातल्या पाण्यावर रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांचा शोधनिबंध निघाला. चार ओळींचा सारांश दिसला, पुढे कुलूप. वाचायचं तर ४० डॉलर, म्हणजे तीन हजारांच्या वर. आमच्या पंधरा जणींची महिन्याची बचत दीड हजार!

आम्हाला राग आला. पाणी आमचं, आणि सर पैसे मागतात? पोरीने त्यांना ईमेल केला. सरांनी स्वतः फोन केला.

"ताई, मला त्यातला एक रुपया मिळत नाही. पैसे छापणाऱ्या कंपनीचे," ते म्हणाले.

मग सगळ्यांना फुकट वाचता येईल असं का नाही छापलं? सर म्हणाले, तशी सोय असते, पण बऱ्याच ठिकाणी लिहिणाऱ्यालाच फी भरावी लागते, लाख-दोन लाख रुपये. शिवाय बढती होते ती नावाजलेल्या नियतकालिकात छापल्यावर. पैसे घेऊन काहीही छापणारेही निघालेत, त्यामुळे 'फुकट वाचायला' म्हटलं की काही रसायनवाल्यांना शंका येते. कोणाला पेटंटची काळजी. भौतिकशास्त्रवाले १९९१ पासून आपले लेख छापण्याआधीच सगळ्यांसाठी खुले ठेवतात. रसायनवाल्यांचं तसं स्वतंत्र ठिकाण, केमआर्काइव्ह, २०१७ साली सुरू झालं. सगळेच मागे आहेत असंही नाही. जर्मनीतली बाइलश्टाइन संस्था २००५ पासून रसायनशास्त्राचं एक नियतकालिक चालवते, त्यात लिहिणाऱ्याला फी नाही आणि वाचणाऱ्यालाही नाही.

पण सर जे शेवटी बोलले ते आम्हाला खरं वाटलं. "खरं सांगू? मला हे कुलूप कधी दिसलंच नाही. आमच्या लायब्ररीतून सगळं उघडतं."

२०२५ पासून केंद्र सरकारने 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना आणली. सरकारी कॉलेजं आणि संशोधन संस्थांना हजारो नियतकालिकं वाचता येतात. चांगलंच झालं. पण बचत गट त्यात बसत नाही, ग्रामपंचायतही नाही.

एक वाट मात्र आहे. केंद्राच्या विज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी २०१४ सालीच धोरण केलं, की त्यांच्या पैशावर झालेल्या संशोधनाचा लेख, निदान लेखकाचा शेवटचा मसुदा, सगळ्यांना वाचता येईल असा ठेवायचा. आम्ही सरांना विचारलं, तुमच्या कामाला पैसा कोणाचा? ते थोडं थांबले. म्हणाले, "सरकारचाच. मसुदा टाकायचा राहून गेला."

निबंधाची प्रत त्यांनी त्याच रात्री पाठवली. मसुदाही सगळ्यांसाठी टाकतो म्हणाले. पोरगी दर रविवारी बघते, अजून दिसला नाही. पुढच्या रविवारीही नसला तर आम्ही पुन्हा फोन करणार आहोत.

तोवर प्रत आमच्याकडे आहे. त्यातल्या तक्त्यात आजूबाजूच्या गावांचे बोअर आहेत. तुमचा आकडा बघायचा असेल तर मंगळवारी गटाच्या बैठकीला या. चष्मा आणा, अक्षर फार बारीक आहे.