परक्या भांडवलाचें खत वाचून पहा

(गांवच्या शेतकरी व कारागीर मंडळींपुढें एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



सावकाराच्या खतावर न वाचतां आंगठा उठविल्यानें आपल्यांतील किती घरांच्या जमिनी गेल्या, हें म्हाताऱ्यांना विचारा. पण सरकारनेंच असा आंगठा उठविला, तर फेड कोणी करावयाची? दाभोळची हकीकत ऐका.

1992 सालीं अमेरिकेची एन्रॉन कंपनी रत्नागिरी जिल्ह्यांत वीज करण्यास आली. 1993 च्या डिसेंबरांत राज्याच्या वीज मंडळानें तिच्याशीं वीस वर्षांचा करार केला. त्यांतील मेख अशी कीं, वीज घ्या अगर न घ्या, ठरलेला आकार भरलाच पाहिजे. आणि तोही डॉलरच्या भावाशीं बांधलेला. शेजाऱ्याच्या विहिरीचें पाणी न घेतांही पाणीपट्टी द्यावी, तसेंच हें! ही योजना परवडणार नाहीं, असें जागतिक बँकेनें त्याच सालीं कळविलें होतें. 1995 सालीं नव्या सरकारनें करार मोडला, 1996 सालीं पुन्हां वाढवून केला. विरोध करणारे गांवकरी तुरुंगांत गेले. 1999 सालीं वीज निघाली. 2001 सालीं मंडळाला बिलें झेपेनात, कारखाना बंद पडला. त्याच डिसेंबरांत एन्रॉनचेंही दिवाळें वाजलें.

पण खरी गंमत पुढेंच आहे. एन्रॉनच्या दोन भागीदार कंपन्याही अमेरिकेच्याच. भांडवलाच्या संरक्षणाचा करार अमेरिकेचा आपल्याशीं नव्हता. मॉरिशसचा होता, 1998 चा. म्हणून मॉरिशसांत काढलेल्या आपल्या कंपन्यांच्या नांवानें त्यांनीं हिंदुस्थान सरकारला परदेशी पंचांपुढें खेंचलें. 2005 सालीं पैसे मोजून तडजोड झाली. ज्याचें शेत गेलें त्या गुहागरच्या शेतकऱ्याला मात्र असा कोणता पंच होता?

परका पैसा नकोच, असें मी म्हणत नाहीं. नफा त्याचा आणि जोखीम आपली, हें मात्र नको. 2016 पासून आपल्या सरकारनें असे पुष्कळ करार मोडीत काढले. परक्या कंपनीनें आधीं पांच वर्षें आपल्याच कोर्टांत दाद मागावी, असा नवा नमुना केला. पण 2024 च्या अमिरातीशीं झालेल्या करारांत ती मुदत तीन वर्षांवर आली! दार पुन्हां किलकिलें होत आहे.

तेव्हां आमदार-खासदार मतें मागण्यास येतील, त्यांना चार प्रश्न विचारा. करार किती वर्षांचा? हमी कोणाला? पैसा कोणत्या नाण्यांत? पंच कोण? आणि मुलांबरोबर मुलींनाही शाळेंत पाठवा. खत वाचणारा एक तरी माणूस प्रत्येक घरांत असलाच पाहिजे.