‘अवसान गळणे’ : अर्थ आणि वापर

धैर्य नाहीसे होण्याच्या प्रसंगासाठी मराठीत शब्दांची वानवा नाही. धीर सुटतो, हिंमत खचते, हातपाय गळतात, माणूस कच खातो. या सर्वांत ‘अवसान गळणे’ हा वाक्प्रचार विशेष विचारात घेण्याजोगा आहे.

संस्कृतात ‘अवसान’ म्हणजे शेवट. ‘देहावसान’ या शब्दात तोच अर्थ आहे. बोलण्यातील मराठीत मात्र अवसान म्हणजे अंगातील बळ, आवेश, धैर्य. एकाच रूपात शेवट आणि बळ असे दोन अर्थ पाहून विद्यार्थी गोंधळतात. इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी माणसाच्या कानांवर हिंदीतील ‘औसान’ हा शब्द नेहमी पडतो. त्याचा अर्थ भान, प्रसंगावधान. धैर्यवाचक अवसान अर्थाने या शब्दाला अधिक जवळचे आहे.

वाक्यरचनेतील भेद त्याहून महत्त्वाचा होय. ‘त्याने कच खाल्ली’ या वाक्यात कर्ता माणूस आहे; म्हणून दोषही त्याच्याकडे जातो. ‘त्याचे अवसान गळले’ या वाक्यात कर्ता अवसान आहे. माणसापाशी धैर्य होते, प्रसंगाच्या भाराने ते ओसरले, एवढेच हे वाक्य सांगते. जे मुळात नव्हते, ते गळणार कसे?

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले आणि तोवर नेटाने झुंजणाऱ्या फौजेचे अवसान गळले. तिने कच खाल्ली, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्याच रणातून जखमी होऊन वाचलेले महादजी शिंदे १७७१ साली दिल्ली ताब्यात घेणाऱ्या मराठ्यांत अग्रभागी होते. गळलेले अवसान पुन्हा येते, याला हा इतिहास साक्षी आहे.

‘उसने अवसान’ म्हणजे वरवर आणलेला धीर. ‘अवसानघात’ म्हणजे ऐन वेळी दिलेला दगा. भरवसा देऊन प्रसंगी पाठ फिरवणाऱ्यास म्हणूनच अवसानघातकी म्हणतात. हा शब्द शासकीय सेवकांनी विशेष ध्यानात ठेवावा. पीक बुडालेला शेतकरी कचेरीत येतो तेव्हा त्याचे अवसान आधीच गळालेले असते. त्याला देऊ केलेली मदत वेळेवर न पोहोचली, तर तो अवसानघातच होय.

शिक्षकांसाठीही यात बोध आहे. फळ्यापुढे उभे राहताच ज्याला शब्द फुटत नाही, त्या मुलाला ‘भित्रा’ म्हटले की तो त्याचा स्वभाव ठरतो आणि ते नाव वर्षानुवर्षे त्याला चिकटते. ‘त्याचे अवसान गळले’ असे म्हटले, तर ती त्या घटकेची अवस्था ठरते. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा फळ्यापुढे बोलावता येते.