दुरुस्ती कोणी पोहोचवायची?



शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या, बसवणाऱ्या आणि रात्री-अपरात्री फोन घेणाऱ्या तुम्हा लोकांनी मला या खुर्चीत बसवलेत, आभारी आहे. जेवण तयार असल्याचा वास इथवर येतोय, त्यामुळे आभार एवढेच.

विषय कोरडा निवडलाय. प्रोग्रॅमला लायब्ररी जोडायची ती स्टॅटिक की डायनॅमिक? शहरातल्या परिषदांत हा वाद फाइल किती मोठी होते आणि वेग किती मिळतो एवढ्यावर चालतो. आपले दुखणे निराळे आहे. आपण वजनकाट्यावर प्रोग्रॅम बसवून येतो, आणि तिथे पुन्हा पाय लागतो तो पुढच्या गळीत हंगामात.

काट्याची खोली सगळ्यांनी पाहिली आहे. बाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, आत धुळीने माखलेला जुना संगणक. पेन ड्राइव्ह लावला, डबल क्लिक केले, की निरोप येतो : एमएसव्हीसीआर१००.डीएलएल सापडत नाही. ही व्हिज्युअल सी++ २०१० ची रनटाइम लायब्ररी. आपल्या संगणकावर कंपायलरबरोबर ती आलेली असते, काट्यावर कोणी आणणार? मग एखादा उत्साही गडी कुठल्याशा संकेतस्थळावरून ती एकटीच फाइल उतरवतो आणि सिस्टिम३२ मध्ये टाकतो. ती फाइल कोणी बनवली, तिच्यात आणखी काय भरलेय, देव जाणे. हे कृपा करून थांबवा. मायक्रोसॉफ्टचे रीडिस्ट्रिब्युटेबल पॅकेज त्याच पेन ड्राइव्हवर ठेवा, नाहीतर कंपाइल करताना /एमडी ऐवजी /एमटी द्या, म्हणजे रनटाइम प्रोग्रॅमच्या पोटातच जाईल.

पोटात जाईल म्हणजे काय, ते नव्या मुलांसाठी सांगतो. स्टॅटिक पद्धतीत लिंकर लायब्ररीतले लागतील तेवढे ऑब्जेक्ट उचलून तुमच्या फाइलमध्ये उतरवतो. डायनॅमिक पद्धतीत तो नुसते नाव नोंदवून ठेवतो आणि प्रोग्रॅम सुरू होताना लोडर त्या नावाची लायब्ररी शोधून आणतो. मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हे साठच्या दशकातच होते. सन कंपनीने ते १९८८ मध्ये सनओएस ४.० मधून युनिक्सवर आणले. मेमरी महाग होती, दहा प्रोग्रॅमना एकच प्रत वाटून देणे परवडायचे. आता मेमरी स्वस्त झाली आणि गो, रस्टसारख्या भाषांनी बव्हंशी पुन्हा स्टॅटिकची वाट धरली. जागेचा मुद्दा त्यामुळे माझ्या लेखी संपला आहे. उरला तो दुरुस्तीचा.

एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड हा दोष उघडकीला आला. ओपनएसएसएल या एनक्रिप्शनच्या लायब्ररीच्या १.०.१ ते १.०.१एफ या आवृत्त्यांमधून सर्व्हरच्या मेमरीचा एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा बाहेरच्याला वाचता येत होता. ज्यांच्याकडे लायब्ररी सामाईक होती त्यांनी एक पॅकेज बदलले आणि सेवा पुन्हा सुरू केल्या. हे दुसरे काम विसरू नका : चालू असलेला प्रोग्रॅम जुनीच लायब्ररी धरून बसतो, डिस्कवरची फाइल बदलली तरी. ज्यांनी स्टॅटिक जोडणी केली होती त्यांना मात्र एकेक प्रोग्रॅम नव्याने बांधून पोहोचवणे भाग होते. आणि कुठल्या प्रोग्रॅमच्या पोटात कुठली प्रत आहे याची नोंदच नसेल, तर सुरुवात कुठून करणार?

म्हणून डायनॅमिकच बरे, असे म्हणायला जावे तर मार्च २०२४ आठवतो. एक्सझेड युटिल्स या फाइली दाबून लहान करणाऱ्या संचाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा निघाला. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या शंकेवरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो शोधला. गंमत अशी, की मूळ ओपनएसएसएचला या संचातली एलझेडएमए ही लायब्ररी लागतच नाही. काही लिनक्स वितरणांनी सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीसाठी त्याला ठिगळ जोडले, सिस्टिमडीच्या लायब्ररीने एलझेडएमए ओढून आणली, आणि तिच्याबरोबर पाहुणा आत. एलडीडी ही आज्ञा देऊन आपल्या सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमना लागणाऱ्या लायब्ररींची यादी एकदा बघा. न बोलावलेली नावे बरीच दिसतील. फक्त अनोळखी फाइलवर ती चालवू नका, कधीकधी त्यातून ती फाइलच चालते.

मराठीचाही याच्याशी संबंध आहे. दौंड तालुक्यात पावतीवर 'गुऱ्हाळ' छापायचे म्हटले की ऱ्ह नीट जुळवण्याचे काम बहुधा हार्फबझ ही लायब्ररी करते. लिबरऑफिसने २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून ती सगळीकडे घेतली. फायरफॉक्स आणि क्रोम आपापली प्रत बरोबर बाळगतात. एकाच संगणकावर अशा दोन-तीन प्रती सुखाने नांदतात. तुम्ही तुमच्या प्रोग्रॅममध्ये एखादी जुनी, अर्धवट प्रत कोंबलीत, तर टिंबवाला ऱ आणि त्याखाली हलन्त छापून येईल. शेजारच्या लिबरऑफिसमध्ये तोच शब्द शुद्ध दिसेल आणि गुऱ्हाळवाला तुम्हालाच विचारेल.

मला विचाराल तर काट्यावरच्या, नेट नसलेल्या संगणकासाठी स्टॅटिक घ्या. नेटशी बोलणारा कुठलाही भाग असेल, तर एनक्रिप्शनची लायब्ररी सामाईक ठेवा आणि ती अद्ययावत कोण करणार ते करारात लिहून घ्या. एलजीपीएल परवान्याची लायब्ररी स्टॅटिक जोडलीत, तर गिऱ्हाइकाला ती बदलून पुन्हा लिंक करता येईल असे ऑब्जेक्ट देणे बंधनकारक आहे. हे किती जण करतात ते इथे हात वर करून विचारत नाही. प्रत्येक बिल्डबरोबर पोटातल्या लायब्ररींची नावे आणि आवृत्त्या एका साध्या मजकूर फाइलमध्ये उतरवा, आणि ती फाइल ऑफिसातही ठेवा, काट्यावरही.