मातीचं वय

२०२५ च्या सप्टेंबरात बीड जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. सिंदफणा, गोदावरी, मांजरा या नद्यांना पूर आले. त्यानंतर पंचनाम्यांत तीन शब्द वारंवार दिसू लागले : ‘जमीन खरडून गेली.’ पीक गेलं तर पुढच्या हंगामात पेरता येतं. पण जमीनच गेली म्हणजे नेमकं काय गेलं? मी शेतीशास्त्र शिकलेलो नाही. माझी पदवी बी. ए. ची आणि नाद कवितेचा. पण शब्दाचा अर्थ शोधणं हे कवीचं कामच. म्हणून या तीन शब्दांच्या मागे गेलो.

आधी मातीचं मूळ पाहू. आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला आणि थरावर थर पसरत गेला. बालाघाटाचे डोंगर त्याच थरांचे. हा खडक दिवसा तापतो, रात्री निवतो, तडकतो. फटीत पावसाचं पाणी शिरतं. हवेतला आणि कुजणाऱ्या पाल्यातला कार्बन डायऑक्साइड मिसळून ते किंचित आंबट होतं आणि खडकातली खनिजं हळूहळू बदलून टाकतं. खडकाचा मुरूम होतो. मुरमात गवत रुजतं, मुळं आत घुसतात, मुंग्या-गांडुळं खालचं वर करतात, डोळ्यांना न दिसणारे जिवाणू पाला कुजवतात. तेव्हा कुठे माती तयार होते. नुसता दगडाचा चुरा म्हणजे माती नव्हे. तिच्यात जीव असावा लागतो.

हान्स जेनी या शास्त्रज्ञानं १९४१ साली माती घडवणारे पाच घटक मांडले : मूळ खडक, हवामान, जीवसृष्टी, जमिनीचा चढउतार आणि काळ. यातला चढउतार काय करतो, ते आपल्या जिल्ह्यात उघड दिसतं. आष्टी-पाटोद्याच्या माळावर माती ठरत नाही. वीतभर खणलं की मुरूम. खाली गेवराई-माजलगावकडे, गोदाकाठी, पुरुषभर खोल काळी साचलेली. तिच्यात मुरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी येते. ऊसतोडीचे कोयते कोणत्या गावांतून जास्त निघतात ते पाहा. पाण्यासारखी इतर कारणं आहेतच; पण मातीची जाडी आणि माणसाचं नशीब यांचं नातंही तिथं कळतं.

काळीचा स्वभाव वेगळा. तिचे चिकणकण पाणी पिऊन फुगतात, वाळले की आकसतात. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची माती भेगांत पडते, पावसात फुगून खालची वर येते. काळी जणू स्वतःच स्वतःला नांगरते. शेतात हा गुण, घराखाली दोष, भिंती तडकतात. जुन्या माणसांनी शेत ते ‘काळी’ आणि गावठाण ते ‘पांढरी’ असे शब्दच करून ठेवले. आमच्या घरात दखनी बोलली जाते. पण काळी, बरड, चोपण, वाफसा हे शब्द आमच्याही तोंडी मराठीच.

मातीचे थर पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. विहीर खोदणाऱ्याला ते ठाऊक असतात, तसेच आमच्या कबरस्तानात कबर खोदणाऱ्यालाही. वर काळी, खाली चुनखडीचे खडे, मग मुरूम आणि मुरमाखाली पहार खणखणते. शास्त्राच्या पुस्तकातलं चित्र याहून फार निराळं नसतं.

आता त्या तीन शब्दांकडे येऊ. पिकाला पोसणारा कस बहुतांशी वरच्या वीतभर मातीत असतो. पूर नेतो तो नेमका हाच थर. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना सांगते, की दोन-तीन सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढी, माती घडायला हजार वर्षंही लागू शकतात. आपल्या अंबाजोगाईच्या मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ शके १११० चा मानतात. मराठीतल्या या आद्य ग्रंथालाही अजून हजार वर्षं झालेली नाहीत. आणि शेतातलं ते पेरभर एका रात्रीत जातं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारनं खरडलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून ३ लाख रुपयांची मदत जाहीर केली. पैशानं गाळ आणता येतो आणि तो आणावाच. तलावातला गाळ म्हणजे वाहून गेलेली आपलीच माती. पण पैसा माती हलवतो, घडवत नाही. त्या गाळात शेणखत, हिरवळीचं खत, पालापाचोळा मुरवत वर्षानुवर्षं जीव भरावा लागतो.

म्हणून आहे ती राखणं सगळ्यांत स्वस्त. उताराला आडवी नांगरट आणि आडवी पेरणी करा. काडीकचरा पेटवू नका. ओढ्याची वाट बुजवू नका. बांधावर गवत राहू द्या. भावकीच्या भांडणात बांध कोरून जे एक तास मिळतं, ते पहिल्या मोठ्या पावसात दोघांच्याही मातीसकट निघून जातं. यंदा पावसाळ्याआधी शेजाऱ्याला सोबत घ्या, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत एकदा चाला आणि पाणी कुठून शिरतं, कुठून निघतं ते दोघांनी मिळून पाहा.