डिझेलची निवड आणि मालकाचे समाधान



वसंतातल्या या ज्ञानसत्रात इतिहास, तत्त्वज्ञान, राजकारण असे भारदस्त विषय ऐकण्याची आपल्याला सवय आहे. त्या पंक्तीत पिकअप मोटारीचे डिझेल इंजिन येऊन बसावे, याचे काहींना नवल वाटेल. पण विषय यंत्राचा दिसला तरी मूळ प्रश्न माणसाचा आहे. कर्ज काढून, चार ठिकाणी विचारपूस करून माणूस एखादी मोठी वस्तू घेतो. पाच वर्षांनी कोणी विचारले, ‘काय, घेतली ते बरे झाले का?’ तर एक जण मनापासून ‘हो’ म्हणतो, आणि नेमकी तीच वस्तू घेतलेला दुसरा कपाळाला हात लावतो. वस्तू एकच असताना समाधानात एवढे अंतर का पडावे? याचा उलगडा करायला डिझेलच्या पिकअपसारखे चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

पिकअप म्हणजे पुढे दोनचार माणसांची जागा आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी. उदाहरण मी प्रथम अमेरिकेचे घेणार आहे, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे मालवाहू गाडी म्हणजे डिझेलचीच, अशी कित्येक वर्षे वहिवाट होती. आणि जिथे निवडच नाही तिथे निवडीच्या समाधानाचा प्रश्न उद्भवत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या पिकअपचे तसे नाही. सांगाडा तोच, हौदा तोच. इंजिन पेट्रोलचे हवे की डिझेलचे, एवढे गिऱ्हाइकाने सांगायचे. डिझेल सांगितले की किमतीत आजमितीस सुमारे दहा हजार डॉलरची भर पडते. या दहा हजारांच्या बदल्यात मालकाला मिळते काय, हे पाहण्यासाठी यंत्राच्या पोटात थोडे डोकावले पाहिजे.

पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण दाबून ठिणगीने पेटवतात. हे मिश्रण फार दाबले तर अवेळीच पेटते. म्हणून त्याचे आकारमान साधारण दहाव्या हिश्श्यापर्यंत आणून थांबावे लागते. डिझेलच्या इंजिनात नुसती हवा दाबतात, आणि ती सोळाव्या-अठराव्या हिश्श्यापर्यंत दाबतात. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक तापते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. तोच प्रकार येथे इतक्या थराला जातो की त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडताच ते आपोआप पेट घेते. ठिणगीची गरज राहत नाही. अधिक दाबलेला वायू अधिक प्रसरण पावतो, त्यामुळे उष्णतेचा मोठा वाटा कामी येतो. शिवाय एका लिटर डिझेलमध्ये एका लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एकदशांश उष्णता अधिक असते. या दोन्ही गोष्टी मिळून तेच काम कमी लिटरांत होते. मात्र एवढा दाब सोसायचा म्हणजे इंजिनाचा प्रत्येक भाग दणकट हवा, आणि फवारा सोडणारी यंत्रणा अतिशय नाजूक मापांची हवी. जादा किंमत लागते ती येथे. आणि नीट बांधलेले डिझेल इंजिन दीर्घकाळ टिकते तेही याच दणकटपणामुळे.

हे इंजिन ज्याच्या नावाने ओळखले जाते तो रुडॉल्फ डिझेल १८५८ साली पॅरिसमध्ये जन्मलेला जर्मन अभियंता. १८९७ साली आउग्सबुर्ग येथे त्याच्या इंजिनाची जी चाचणी झाली, तीत इंधनातील उष्णतेचा सुमारे २६ टक्के भाग कामात रूपांतरित झाला. त्या काळची वाफेची इंजिने याच्या निम्म्यालाही पोहोचत नव्हती. पण मला महत्त्वाचा वाटतो तो त्याचा हेतू. वाफेचे अवजड इंजिन श्रीमंत कारखानदारालाच परवडते आणि लहान कारागीर त्याच्यापुढे हतबल होतो, हे त्याने पाहिले होते. स्वतंत्र कारागिराच्या हाती स्वस्त शक्ती यावी, ही त्याची आकांक्षा होती. या दृष्टीने पाहिले तर स्वतःची एक गाडी बाळगून तिच्यावर संसार चालवणारा पिकअपचा मालक हाच डिझेलच्या स्वप्नातला खरा माणूस होय.

तथापि डिझेल हे नाव लावले म्हणजे डिझेलचे गुण अंगी येतातच असे नाही. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, तेव्हा अमेरिकेत जनरल मोटर्सने ओल्ड्समोबाइलचे ५.७ लिटरचे डिझेल इंजिन बाजारात आणले. १९७८ पासून ते मोटारींत आले, तसेच काही वर्षे हलक्या पिकअपमध्येही बसवले गेले. हे इंजिन पेट्रोलच्या इंजिनाच्या मापांवर बेतलेले होते. त्याचा ठोकळा भक्कम केला, पण सिलिंडरचे झाकण आवळून धरणाऱ्या बोल्टांची संख्या आणि मांडणी पेट्रोलच्या काळचीच ठेवली. आणि इंधनातले पाणी वेगळे काढणारी गाळणी दिलीच नाही. परिणाम व्हायचा तो झाला. बोल्ट ताणले, झाकणे गळू लागली, पाण्याने पंप गंजले. मालक न्यायालयात गेले आणि १९८५ साली ते इंजिन बंद झाले. इंधनात बचत करायला गेलेल्या माणसांनी दुरुस्तीत घर रिकामे केले. डिझेल म्हटले की अमेरिकन गिऱ्हाईक पुढे कित्येक वर्षे नाक मुरडीत असे.

याच्या अगदी उलट गोष्ट १९८९ सालची. डॉजच्या मोठ्या पिकअपमध्ये त्या वर्षी कमिन्स कंपनीचे ५.९ लिटरचे, सहा सिलिंडरांचे इंजिन बसवले गेले. याच कमिन्सने १९६२ साली किर्लोस्करांच्या भागीदारीत पुण्याला कारखाना काढला, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. डॉजची गाडी रूपाने जुनाट झालेली होती. इंजिनाची अश्वशक्ती अवघी १६०. हा आकडा काही डोळे दिपवणारा नव्हे. पण त्याची ओढ, म्हणजे यंत्रज्ञ ज्याला टॉर्क म्हणतात तो जोर, ४०० फूट-पौंड होता, आणि तोही मिनिटाला दोन हजारांच्या आतल्या फेऱ्यांत मिळत असे. हे इंजिन मुळात शेतीची यंत्रे, कारखान्यातली यंत्रे आणि मध्यम ट्रक यांच्यासाठी घडवलेले होते. ज्याला दिवसभर नांगर ओढायचा, त्याला गुरांचा ट्रेलर ओढणे जड नव्हते. मालक खूष झाले, आणि मागे पडलेल्या त्या गाडीला इंजिनाने नवे आयुष्य दिले.

दोन्ही इंजिने डिझेलचीच होती. एक ज्या कामाला लावले त्यासाठी घडलेले नव्हते, दुसरे घडलेले होते. आता हीच कसोटी आपण यंत्रावरून काढून मालकाला लावून पाहू.

हिशेबासाठी दोन शेजारी कल्पू. दोघांनी एकच डिझेल पिकअप घेतली, दोघांनी दहा हजार डॉलर जादा मोजले. पेट्रोलचा भाव गॅलनला ३.२० डॉलर आणि डिझेलचा ३.८० डॉलर धरू. अमेरिकेत २००४ नंतर डिझेल बहुधा पेट्रोलपेक्षा महागच राहिले आहे. पहिला शेजारी वर्षाला १५ हजार मैल रिकामीच गाडी फिरवतो. पेट्रोलची गाडी गॅलनला १२ मैल आणि डिझेलची १६ मैल जाते असे मानले, तर पेट्रोलला ४,००० डॉलर लागले असते, डिझेलला सुमारे ३,५६० लागतात. वर्षाची बचत ४४० डॉलरच्या आसपास. म्हणजे दहा हजार फिटायला जवळजवळ २३ वर्षे! तोवर गाडी भंगारात गेलेली असेल. दुसरा शेजारी जड ट्रेलर जोडून वर्षाला ४० हजार मैल जातो. ओझ्याखाली पेट्रोलची गाडी ७ मैल आणि डिझेलची १० मैल देते असे धरू. पेट्रोलचा खर्च सुमारे १८,३०० डॉलर, डिझेलचा १५,२००. बचत ३,१०० डॉलर, आणि सव्वातीन वर्षांत रक्कम वसूल. आकडे मी सोयीसाठी मानलेले आहेत. आपण आपले घालून पाहावेत. निष्कर्षाची दिशा बदलणार नाही. इंजिनाचे मोल ओझ्याने आणि अंतराने ठरते.

यावर कोणी म्हणेल, समाधान काय केवळ जमाखर्चाच्या वहीत असते? नाही. भरलेली गाडी घाट चढताना इंजिन किंचाळत नाही, गिअर वारंवार बदलावे लागत नाहीत, संध्याकाळी चालक कमी थकतो, एका टाकीत लांबचा पल्ला गाठता येतो आणि जुनी गाडी विकताना चार पैसे जास्त येतात. ही सुखे खरी आहेत. पण नीट पाहिले तर तीही ओझे वाहणाऱ्यालाच मिळतात. रिकाम्या गाडीला घाट जाणवतच नाही. पहिल्या शेजाऱ्याला मिळते ती शेजारपाजारात मिरवायची ऐट. आणि ऐटीचे आयुष्य पहिल्या मोठ्या दुरुस्तीपर्यंतच असते.

आणि अलीकडे पहिल्या शेजाऱ्याच्या अडचणीत आणखी भर पडली आहे. डिझेलच्या धुरात काजळी असते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर हा माणसाला कर्करोग करणारा पदार्थ म्हणून निश्चित केला. धुरावरचे नियम कडक झाले. अमेरिकेत २००७ पासून नळकांड्यात काजळीची गाळणी आली, आणि २०१० च्या सुमारास युरियाच्या द्रावणाची टाकी आली. गाळणीत साठलेली काजळी अधूनमधून जळून जावी लागते, आणि त्यासाठी धूर चांगला तापला पाहिजे. लांबवर, ओझ्याखाली चालणाऱ्या गाडीत ते सहज घडते. घरापासून बाजारापर्यंत आणि बाजारापासून घरापर्यंत एवढेच फिरणाऱ्या गाडीचा धूर तापतच नाही. गाळणी तुंबते, दिवे लागतात, कारखान्याच्या वाऱ्या सुरू होतात. घोडा का अडला आणि भाकरी का करपली, या आपल्या जुन्या कोड्याचे उत्तर डिझेललाही लागू पडते: न फिरवल्यामुळे!

या कटकटीवर काहींनी एक आडवाट काढली. गाळणीच काढून टाकायची. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०२० साली जाहीर केले की आधीच्या दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपवरील धूर रोखणारी यंत्रणा अशी निकामी करण्यात आली होती. दोष गिऱ्हाइकांकडेच होता असेही नाही. धूर-नियंत्रणात फसवणूक करणारी योजना इंजिनांत होती, असा आरोप सरकारने कमिन्सवर ठेवला. कंपनीने दोष मान्य केला नाही. परंतु २०२३ च्या डिसेंबरात १६७ कोटी ५० लाख डॉलरचा दंड भरण्यास संमती दिली. गाळणी काढलेल्या गाडीचा मालकही ‘मी समाधानी आहे’ म्हणतो. पण त्याच्या बचतीची किंमत रस्त्याकाठच्या घरातले मूल आपल्या फुप्फुसांनी मोजते. दुसऱ्याच्या खिशातून दिलेल्या पैशाने घेतलेल्या वस्तूचे समाधान मी समाधानात धरीत नाही.

आता आपल्याकडे वळू. डिझेल इंजिन आपल्याला परके नाही. विहिरीवर धडधडणारे ऑइल इंजिन हे त्याचेच भावंड. पुण्याच्या किर्लोस्करांनी त्यासाठी १९४६ साली स्वतंत्र कंपनी काढली. २००५ च्या मे महिन्यात टाटांची ‘एस’ ही छोटी मालगाडी आली. दोन सिलिंडर, १६ अश्वशक्ती आणि डिझेल. लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटले. भाजीवाला, दूधवाला, फर्निचरवाला हप्त्यांवर का होईना मालक झाला. त्या काळी डिझेल घ्यावे की नाही, हा प्रश्न सरकारनेच सोडवून टाकला होता. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल आणि डिझेल यांच्या भावात लिटरमागे तीस रुपयांहून अधिक अंतर होते. २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलचे भाव नियंत्रणमुक्त झाले, अंतर आटत गेले, आणि २०२० च्या जूनमध्ये तर दिल्लीत डिझेल पेट्रोलच्या पुढे गेले. त्याच वर्षी १ एप्रिलपासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, आणि त्यांच्याबरोबर काजळीच्या गाळण्या आपल्याकडेही आल्या. छोट्या मालगाड्या आज पेट्रोलवर, सीएनजीवर आणि विजेवरही मिळतात. म्हणजे अमेरिकन गिऱ्हाइकापुढे होती ती निवड आता आपल्या गावच्या मालकापुढे येऊन उभी आहे. वडिलांनी डिझेल घेतले म्हणून मुलाने घ्यावे, हे उत्तर आता पुरणार नाही.

म्हणून गाडी घेणाऱ्याने दुकानात जाण्यापूर्वी स्वतःला चार गोष्टी विचाराव्यात. माझ्या गाडीत रोज ओझे किती असेल? ती रोज किती किलोमीटर जाईल, आणि त्यातले सलग किती? जवळपास तिची दुरुस्ती जाणणारा माणूस आहे का? आणि जादा दिलेले पैसे कर्ज फिटण्याच्या आत वसूल होतील का? नाशिकहून द्राक्षे भरून रोज मुंबई गाठणाऱ्याला ही उत्तरे बहुधा डिझेलकडे नेतील. पेठेतल्या दुकानातून चार गल्ल्यांत माल पोचवणाऱ्याला ती दुसरीकडे नेतील. दोघेही समाधानी राहू शकतात, मात्र प्रत्येकाने आपले काम ओळखून निवड केली पाहिजे.

घर असो, धंदा असो की मुलाचे शिक्षण असो, शेजाऱ्याला लाभले ते आपल्यालाही लाभेल असे धरून आपण निर्णय घेतो आणि मग वस्तूला बोल लावतो. ती ज्या कामासाठी घडली, ते काम आपल्यापाशी आहे का, हे आधी पाहावे. ते असेल तर डिझेलचे दहा हजार डॉलरही स्वस्त पडतात. नसेल तर फुकट मिळालेले इंजिनही महाग पडते.