परसबागेतील सहनिवासी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आपल्या संस्थेस पन्नास वर्षे पूर्ण होत असताना या व्याख्यानमालेत दोन शब्द बोलण्याची संधी मला दिलीत, याबद्दल प्रथम मी आपले मनःपूर्वक आभार मानतो. जीवदया हा या सभागृहाला नवा विषय नाही. त्याविषयी मी येथे काही सांगावे, यापेक्षा येथून काही शिकून जावे, हेच अधिक उचित. तथापि पशुपक्ष्यांच्या निरीक्षणात आयुष्याची बरीच वर्षे गेल्यामुळे एक प्रश्न आपल्यापुढे ठेवावासा वाटतो. ज्या जीवांवर आपण दया करू इच्छितो, त्यांना आपल्याकडून नेमके काय हवे असते?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मेळघाटात जाण्याचे कारण नाही. ते आपल्या घराच्या मागील दारी मिळते. वऱ्हाडातील जुन्या घरांना सांदवाडी असे. तिच्यात एखादे कडुनिंबाचे झाड, कोपऱ्यात उंबर, कुंपणाला मेंदी, न्हाणीच्या पाण्यावर वाढणारी केळ आणि अळू, शेवगा, पपई, जास्वंद, कण्हेर एवढा संसार सहज असे. छपरावरील कवेलूंच्या फटीत आणि भिंतीवरील तसबिरींमागे चिमण्यांची घरटी असत. घर बांधताना चिमणीसाठी कोणी वेगळी जागा सोडत नसे. बांधणीतच ती आपोआप सुटत असे. आज अकोल्यात काय किंवा अमरावतीत काय, कवेलूंच्या जागी सिमेंटचा स्लॅब आला, अंगणात फरशी आली आणि सांदवाडीची जागा वाहनांनी घेतली. तरीही जेथे थोडी माती आणि दोन झाडे उरली आहेत, तेथे हे जुने सहनिवासी अजून टिकून आहेत. त्यांची ओळख आपण करून घेऊ.

पहाटे अंगणात सर्वांत आधी गाणारा पक्षी म्हणजे दयाळ. नर काळापांढरा, शेपटी वर उचलून बसणारा. दुपारच्या उन्हात ठोके घातल्यासारखा एकसुरी आवाज येतो, तो तांबट पक्ष्याचा. तांब्याची भांडी ठोकणाऱ्या तांबटाचे नाव त्याला आपल्या माणसांनीच दिले. वाळक्या फांदीत स्वतः भोक कोरून तो घरटे करतो. म्हणून वाळलेली प्रत्येक फांदी छाटून टाकणे त्याच्या दृष्टीने घर पाडण्यासारखे आहे. रुंद पानांच्या कडांना भोके पाडून, कापसाच्या अथवा कोळ्याच्या जाळ्याच्या तंतूंनी ती टाचून, त्या द्रोणात घरटे करणारा शिंपी आपल्या कुंडीतील झाडावरही संसार थाटतो. जास्वंदीच्या फुलापुढे भिरभिरणारा इवलासा शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी, वेलीच्या टोकाशी किंवा व्हरांड्यातील तारेला आपले लोंबते घरटे बांधतो. मेंदीच्या कुंपणात बुलबुल असतो. झाडाखालच्या पाचोळ्यात एकमेकांशी कलकलाट करीत हिंडणारी टोळी सातभाईंची.

याच सातभाईंच्या घरट्याशी मृगाच्या सुमारास एक गंमत घडते. पावसाची चाहूल लागताच पावशा ओरडू लागतो. आपल्या शेतकऱ्याला त्याच्या हाकेत 'पेरते व्हा, पेरते व्हा' असे शब्द ऐकू येतात. हा पावशा आपले अंडे सातभाईंच्या घरट्यात घालतो आणि सातभाई ते पिलू आपले समजून वाढवतात. कोकिळा हीच युक्ती कावळ्याशी करते. म्हणजे ज्या अंगणातून सातभाईंचा पाचोळा झाडून जाळला जातो, तेथून पावशाची हाकही कालांतराने दूर जाते. एकाचे राहणे दुसऱ्याच्या राहण्यावर असे अवलंबून असते.

हिवाळ्यात काही पाहुणेही येतात. शेपटी सतत थरथरविणारा थिरथिरा आणि चालताना शेपटी वरखाली करणारा धोबी हे उत्तरेकडून येऊन आपल्या आवारात काही महिने काढतात. पळस-पांगारा फुलू लागला की भोरड्यांचे थवे त्यावर उतरतात. त्यांची वीण थेट मध्य आशियात होते. इतक्या दूरचा प्रवासी आपल्या पांगाऱ्यावर मध घेण्यास थांबतो, ही त्या झाडाची थोरवी होय.

रात्रीच्या रहिवाशांविषयी आपल्या मनात अकारण भीती आहे. पिंगळा ओरडला की अशुभ, घुबड दिसले की अनिष्ट, असे आपण ऐकत आलो. वास्तविक पिंगळा किडे, पाली आणि उंदीर खाऊन आपल्या घराचीच राखण करतो. त्याचा एक भाऊबंद, रानपिंगळा, मेळघाटाचे भूषण आहे. १८८४ नंतर या पक्ष्याची विश्वसनीय नोंदच झाली नव्हती. तो नामशेष झाला असे मानले जात असताना १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो सातपुड्यात शहाद्याच्या परिसरात आढळला. पुढे मेळघाटातही त्याचा वावर असल्याचे स्पष्ट झाले. रानपिंगळ्यासाठी जगभरातून अभ्यासक येथे येतात. आपल्या निंबावरच्या साध्या पिंगळ्याला मात्र आपण दगड मारून हुसकावतो. ही विसंगती दूर करणे आपल्या हाती आहे. मुंगूस, सरडा, बेडूक, धामण यांनाही हेच लागू आहे. धामण बिनविषारी असून उंदरांची शत्रू आहे. साप घरात शिरल्यास काठी न उचलता अंतर राखून उभे राहावे आणि सर्पमित्रास अथवा वनखात्यास कळवावे.

या पशुपक्ष्यांची नावे आपल्या मुलांना ठाऊक असली पाहिजेत. मेळघाटात वनाधिकारी म्हणून सेवा केलेले मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी पक्ष्यांची मराठी व आदिवासी बोलींतील नावे परिश्रमपूर्वक गोळा करून 'पक्षीकोश' सिद्ध केला, तो याच तळमळीतून. ज्याचे नाव आपण विसरतो, त्याचे नाहीसे होणेही आपल्या लक्षात येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. आपण दयाबुद्धीने काय देतो? बहुधा मूठभर दाणे. भावना निःसंशय उत्तम आहे. परंतु चिमणीचेच उदाहरण घ्या. मोठी चिमणी धान्य खाते हे खरे; पण तिच्या पिलाला पहिल्या दिवसांत मऊ किडे, अळ्या लागतात. कोरड्या दाण्यावर ते वाढत नाही. तेव्हा गच्चीवर ज्वारी टाकणारे आणि त्याच दिवशी गुलाबावर कीटकनाशक फवारणारे आपले दोन हात एकमेकांविरुद्ध काम करीत असतात. एक हात आईला जेवू घालतो, दुसरा पिलाला उपाशी ठेवतो. उंदरांसाठी ठेवलेले विषही असेच फिरून येते; विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या पोटात जातो आणि घुबडही त्याला बळी पडते. मार्च महिन्याच्या २० तारखेला, २०१० पासून, जागतिक चिमणी दिवस साजरा होतो. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने त्याचा आरंभ झाला. त्या दिवशी घरटी वाटली जातात, हे चांगलेच आहे. पेटीचे दार साधारण सव्वा इंचाचे असावे, पेटी सावलीत आणि मांजर पोहोचणार नाही अशी टांगावी. परंतु पेटीभोवती किडा-मुंगी जगू देणारी माती नसेल, तर ते घर रिकामेच राहते.

पाण्याची गोष्ट वेगळी. वऱ्हाडातला वैशाख कसा असतो हे अकोलेकरांना सांगायला नको. पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा पाण्याचे एक पसरट मातीचे भांडे अनेक जीव वाचवते. ते दोन इंचांहून खोल नसावे, मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे मधमाशी व लहान पक्षी बुडत नाहीत. सावलीत ठेवावे. रोज ओतून, घासून, पुन्हा भरावे. साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात डास तयार होतात.

आपल्या दयेतून कधी नकळत अपायही होतो, तेही नम्रपणे सांगतो. वानरांच्या टोळ्या आल्या की आपण बिस्किटे, पोळ्या देतो. वानराच्या पोटाची रचना झाडपाला पचविण्यासाठी आहे. गोड व पिठूळ खाण्याने त्याचे पोट बिघडते, आणि माणसाची भीती गेल्याने तेच वानर उद्या स्वयंपाकघरात शिरते. मग शेजारी त्याच्यामागे काठी घेऊन धावतात. उघड्यावर टाकलेले उरलेसुरले अन्न कुत्री-डुकरे गोळा करते आणि त्यांच्यामागे बिबट्या येतो. पोहरा-मालखेडचे जंगल अमरावतीला लागूनच आहे. विद्यापीठाच्या परिसरात बिबट्या अनेकदा दिसला आहे. त्याला दोष देण्यापूर्वी आपला उकिरडा पाहावा.

कबुतरांविषयी बोलणे थोडे अवघड आहे, तरी टाळणे योग्य होणार नाही. २०२५ मध्ये मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून मोठा वाद झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. त्या वादाचा निवाडा मी येथे करणार नाही. निसर्गाच्या बाजूने दिसते तेवढेच सांगतो. कबूतर हा मुळात कड्याकपारींचा पक्षी. आपल्या इमारतींचे कठडे त्याला कड्यासारखेच वाटतात. एकाच ठिकाणी रोज पोतीभर धान्य मिळाले की त्याची संख्या वाढत जाते, उरलेल्या धान्यावर उंदीर पोसतात, आणि वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने काही माणसांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. दयाळ, शिंजीर, तांबट यांना तर त्या धान्याचा काहीच उपयोग नाही. तीच रक्कम एका उंबराच्या रोपावर आणि त्याच्या राखणीवर खर्च झाली, तर पुढे वर्षानुवर्षे हरियाल, तांबट, कोकीळ, खार, वटवाघूळ अशा कितीतरी जीवांचे अन्नछत्र चालेल, आणि ते चालविण्यास कोणाची गरज भासणार नाही.

पिंजऱ्यातल्या राघूविषयीही सांगितले पाहिजे. झाडाच्या ढोलीतून पिले काढून ती विकली जातात. हौसेने घेतलेल्या एका राघूमागे कित्येक वाटेतच मरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशातील पोपट पाळणे हा गुन्हा आहे. घरट्याबाहेर जमिनीवर दिसलेले बुलबुलाचे पिसे फुटलेले पिलूही बहुधा अनाथ नसते. ते उडण्यास शिकत असते, आईबाप जवळच असतात. मांजराला दूर ठेवून आपण बाजूला व्हावे, हीच त्याची सेवा. संक्रांतीच्या पतंगासाठी नायलॉन मांजा घेऊ नये. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी तारांवर व फांद्यांवर अडकलेला मांजा सण संपल्यावरही पक्ष्यांचे पंख कापत असतो.

बंधू-भगिनींनो, हे सारे सांगताना मी काही नवे सांगतो आहे असे मला वाटत नाही. आपल्या जुन्या घरांतील एक रीत आठवा. पाणी गाळल्यावर गाळण्यात राहिलेली जीवाणी कोठेही ओतायची नाही. ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत, उंचावरून न टाकता पाण्यापर्यंत पोहोचवून ती अलगद सोडायची. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवालाही स्वतःचे ठिकाण असते आणि त्याला तेथे सुखरूप पोहोचविणे हे माझे कर्तव्य आहे, एवढा सूक्ष्म विचार त्या रीतीत आहे. मी सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यातच आले. त्यांना आपल्याकडून त्यांची जागा हवी आहे. दाणा हा दिवसाचा प्रश्न सोडवतो, जागा पिढ्यांचा.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात एक विनंती करतो. धर्मशाळा, पाठशाळा, मंदिराचे आवार अशा संस्थेच्या सर्व वास्तूंत मोकळ्या मातीचा एक तुकडा राखावा. झाडांच्या बुंध्याभोवती सिमेंट घालू नये. शोभेच्या परदेशी रोपांऐवजी उंबर, वड, पिंपळ, कडुनिंब, पांगारा, शेवगा लावावेत. जुना, ढोली असलेला वृक्ष धोक्याचा नसेल तर तोडू नये. राखी धनेशाची मादी अशाच ढोलीत स्वतःला कोंडून घेते, आपल्याच विष्ठेने दार लिंपते, आणि पिले वाढेपर्यंत नर एका फटीतून तिला उंबराची, वडाची फळे भरवतो. नवे झाड लावून अशी ढोली मिळण्यास एक आयुष्य पुरत नाही. पाचोळा जाळू नये. एका कोपऱ्यात कुजू द्यावा, त्यातून खतही मिळेल आणि सातभाईंचे जेवणही. आणि पाठशाळेतील प्रत्येक मुलाने वर्षभर आवारात दिसलेल्या पशुपक्ष्यांची वही ठेवावी. हीरक महोत्सवाच्या वेळी त्या वह्या काढून पाहता येतील. त्यात नावे वाढलेली दिसली, तर आपण आपल्या सहनिवाशांशी नीट वागलो असे म्हणता येईल.