सहा वाजताचा पाहुणा : नवरंग

मृगाच्या आगेमागे कोकणातल्या किंवा येऊरच्या रानात पहाटे उभं राहिलं, तर झाडीतून दोन सुरांची खणखणीत शीळ येते: ‘व्हीट्-ट्यू’. थोडं थांबून पुन्हा तीच. कान लगेच ओळखतो, डोळ्यांना मात्र काहीच सापडत नाही. हा नवरंग.

मराठीने त्याला रंगावरून हाक मारली. हिरवी पाठ, खांद्यावर नि शेपटीच्या मुळाशी चमकदार निळा, डोळ्यांवरून गेलेली जाड काळी पट्टी, पांढरा गळा, बदामी पोट आणि शेपटीखाली कुंकवासारखा लाल. मोजायला बसलं तर नऊ भरतीलच असं नाही, पण एवढ्याशा १९ सेंटिमीटरच्या जिवावर इतके रंग पाहिले की नऊ म्हणावेसे वाटतात, आणि ते बरोबरच आहे.

तमिळ माणसाने मात्र घड्याळ ऐकलं. तिकडे हा ‘आरुमणि कुरुवी’, म्हणजे सहा वाजताचा पक्षी. सकाळी नि संध्याकाळी सहाच्या सुमारास तो हमखास बोलतो. ज्याच्या परसात हा पक्षी हिवाळाभर राहतो, त्यालाच असं नाव सुचू शकतं.

१७६६ साली कार्ल लिनियसने त्याला शास्त्रीय नाव दिलं ते ‘कॉर्व्हस ब्रॅकियुरस’, म्हणजे आखूड शेपटीचा कावळा! लिनियस भारतात कधी आला नव्हता. पानाखालचा किडा शोधणारा, उड्या मारत चालणारा पक्षी त्याने पाहिलाच नाही. पाहिला असता तर कावळ्यांच्या पंगतीत बसवला नसता. पुढे १८१६ मध्ये व्हिएलो या फ्रेंच पक्षितज्ज्ञाने त्याच्यासाठी वेगळी प्रजाती मांडली आणि तिला नाव दिलं ‘पिट्टा’. हा शब्द तेलुगू. तेलुगूत पिट्ट म्हणजे पक्षी, लहानसा पक्षी. आज आफ्रिकेतल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या त्याच्या भाऊबंदांनाही इंग्रजीत पिट्टाच म्हणतात. आंध्रातल्या घरगुती बोलीतला शब्द एवढा लांब गेला, याचं कौतुक व्हायला हवं.

इतके रंग असून तो दिसत का नाही? कारण त्याचं जगणं जमिनीवरचं. ओल्या पाचोळ्यात तो टुणकन उडी मारतो, थबकतो, चोचीने एक पान उलटं करतो, खालचा किडा किंवा गांडूळ उचलतो. आखूड शेपटी हळूच खालीवर होते. पाठ फिरवली की हिरवा रंग हिरव्यात विरतो. शेपटीखालचा लाल दिसतो तो शीळ घालताना, मान मागे टाकून छाती वर करतो तेव्हा. उडाला तर पंखांवर पांढरा ठिपका क्षणभर चमकतो.

घरटंही असंच, काटक्या, मुळं नि सुकी पानं रचून केलेला मोठा गोळा, बाजूला दार. जमिनीवर किंवा खालच्या फांदीत. शेजारून जाणाऱ्याला तो वाऱ्याने जमलेला कचराच वाटतो. अंडी उबवणं आणि पिलांना भरवणं नर-मादी दोघंही करतात.

हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत, वीण मध्य भारतात, पश्चिम घाटात आणि हिमालयाच्या पायथ्याशी. एरवी जेमतेम झुडपाएवढं उडणारा हा पक्षी हा प्रवास रात्री करतो. म्हणूनच मे-जूनमध्ये आणि पाऊस सरताना शहरातल्या गच्चीवर, जिन्यात, कधी काचेखाली दमलेला नवरंग सापडतो. त्याला हातात धरून फोटो काढू नयेत. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, मांजरापासून दूर ठेवावं. चोचीत पाणी ओतू नये. सावरला की जवळच्या झाडीत सोडावं. पंख लोंबत असेल, तर वन विभागाला कळवावं. बऱ्याचदा तासा-दोन तासांत खोक्यातून खुडबुड ऐकू येते, आणि झाकण उघडताच तो खाली पाचोळ्यात उतरतो.